चुली मोजून लढाई ठरवू नका

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमची बेकरी आहे. वडिलांनी सुरू केली, गेली १९ वर्षं मी सांभाळतोय. लाकडाची भट्टी, दोन टेम्पो, पाव, खारी, टोस्ट, बटर असा माल. आमचा मुख्य कारागीर ११ वर्षं माझ्याकडे होता. गेल्या दिवाळीनंतर तो सोडून गेला आणि बसस्टँडच्या पलीकडे त्यानं स्वतःची बेकरी टाकली. कर्ज काढलंय, बायकोचे दागिने गहाण टाकलेत असं ऐकतो. तीन वर्षं त्याचा पगार वाढवला नव्हता हे खरं, पण धंदाच तसा होता. आता तो लादी माझ्यापेक्षा दोन रुपयांनी स्वस्त देतो. माझी तीसेक दुकानं त्याच्याकडे गेली. लोक तोंडावर विचारतात, "काय शेठ, चेला पुढं गेला म्हणायचा!" रात्री झोप लागत नाही.

मध्यंतरी पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. तिथं सुन त्झू या प्राचीन चिनी सेनापतीची युद्धनीती शिकवली. त्यावरून मी तीन गोष्टी ठरवल्यात. पहिली, लादीचा दर आजच्यापेक्षा पाच रुपयांनी उतरवायचा. लादीमागे तीन रुपये पदरचे जातील, रोजच्या ८०० लाद्या आहेत, पण तीन महिने मी दम काढेन. तेवढ्यात तो संपेल, कारण त्याची दुपारची गाडी आताच बंद झालीय. दुसरी, माझ्या ओळखीचं एक पोरगं त्याच्याकडे कामाला लावायचं, म्हणजे आतली बातमी कळत राहील. तिसरी, माझ्याकडच्या तीन कारागिरांपैकी एक त्याच्याशी बोलताना दिसला, त्याला सगळ्यांसमोर काढून टाकायचं. सुन त्झूनं राजाच्या लाडक्या राण्यांचं केलं तसं. बाकीचे आपोआप सरळ होतील. गेलेल्याचा शेवटच्या महिन्याचा हिशेब मी अडवून ठेवलाय, तो तर द्यायचा नाहीच. घरचे नको म्हणतात. मी चुकतोय का?

उत्तर

भाऊ, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. ज्याच्या भरवशावर ११ वर्षं पहाटे दोनला भट्टी पेटत होती, तोच समोर दुकान मांडून बसला की जीव तुटणारच. त्यात गावातली माणसं येता-जाता मीठ चोळतात. तुमची झोप उडाली याचं मला नवल वाटत नाही.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. तिन्ही गोष्टी करू नका. आणि हे मी सुन त्झूला बाजूला सारून सांगत नाही, त्यालाच पुढ्यात घेऊन सांगते. १३ प्रकरणांचं लहानसं पुस्तक आहे ते, मूळ चिनीत साधारण सहा हजार अक्षरांचं. शिबिरांत त्यातली चार-दोन वाक्यं पडद्यावर दाखवतात आणि माणसं मुठी आवळून घरी येतात. छापखाना चालवत होते तेव्हापासून मी ते पुन्हा पुन्हा वाचत आलेय. मला ते लढायला चिथावणारं कधीच वाटलं नाही. लढाईला काय पडतं, याचा इतका कडक हिशेब मांडणारं पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही.

राण्यांच्या गोष्टीपासून सुरू करते, कारण तुमच्या डोक्यात तीच पक्की बसलीय. ती सुन त्झूच्या १३ प्रकरणांत कुठेच नाही. सिमा छ्येन नावाच्या इतिहासकारानं ती लिहून ठेवली, सुन त्झूचा म्हणून जो काळ सांगतात त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी. वू राज्याच्या हेलू राजाला सुन त्झूची परीक्षा घ्यायची होती. त्यानं अंतःपुरातल्या १८० स्त्रिया कवायतीसाठी त्याच्या हवाली केल्या. सुन त्झूनं दोन तुकड्या पाडल्या, राजाच्या दोन लाडक्यांना त्यांच्या नायिका केलं, सगळ्यांच्या हाती शस्त्रं दिली आणि पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे म्हणजे काय ते समजावलं. नगारा वाजला. सगळ्या खळखळून हसल्या.

आता पुढचं वाक्य नीट वाचा, कारण तुमच्या पत्रावरून ते तुमच्यापर्यंत पोचलेलंच दिसत नाही. सुन त्झू म्हणाला, हुकूम स्पष्ट नसेल, शब्द नीट समजले नसतील, तर दोष सेनापतीचा. त्यानं सगळं पुन्हा समजावलं, अनेकदा समजावलं, आणि मग नगारा वाजवला. पुन्हा हशा पिकला तेव्हा तो म्हणाला, आता हुकूम स्पष्ट आहे आणि तरी पाळला जात नाही, म्हणजे दोष नायिकांचा. त्यानंतर त्या दोघींची मुंडकी उडाली. राजा गयावया करत राहिला, त्याचं काही चाललं नाही.

तुमच्या कारागिराला तुम्ही कोणता हुकूम दिला होता? जुन्या सोबत्याशी बोलायचं नाही, असा? तो कधी स्पष्ट सांगितला होता? एका कट्ट्यावर वर्षानुवर्षं पीठ मळलेली माणसं रस्त्यात भेटली की दोन शब्द बोलणारच. तो तुमच्याबद्दल बोलत होता की पोरांच्या शाळेबद्दल, हेही तुम्हाला माहीत नाही. ज्या गोष्टीचा आधार घेऊन तुम्ही त्याला काढायला निघालात, त्याच गोष्टीच्या पहिल्या अर्ध्या भागात दोष तुमच्या माथी येतो.

ही गोष्ट खरी घडली का, याचीच अभ्यासकांना शंका आहे. वूच्या सैन्यानं इ.स.पू. ५०६मध्ये छू या बलाढ्य राज्याचा पाडाव केला, पण त्या मोहिमेची हकीकत सांगणाऱ्या जुन्या तपशीलवार इतिवृत्तात सुन त्झूचं नावसुद्धा येत नाही. दोन बायकांचे जीव घेणारी कथा पुढारीपणाचा धडा म्हणून सांगितली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं. खुद्द पुस्तकातलं नववं प्रकरण वेगळंच सांगतं. माणसं तुमच्याशी जोडली जाण्याआधीच शिक्षा केलीत, तर ती मनानं तुमच्या हुकमात येणार नाहीत. जोडली गेल्यावरही शिस्त लावली नाहीत, तर ती कामाची राहणार नाहीत. आधी जोडणं, मग शिस्त, हा क्रम आहे. दहाव्यात तो म्हणतो, सैनिकांना पोटच्या लेकरांसारखं वागवा, ते तुमच्याबरोबर खोल दरीतही उतरतील. ज्याचा तीन वर्षं एक रुपया वाढला नाही, तो निघून गेला, आणि आता दुसऱ्याला चारचौघांत काढणार. उरलेले दोघं त्या दिवशी सरळ होणार नाहीत, भाऊ. ते संध्याकाळी बसस्टँडच्या पलीकडे जाऊन विचारून येतील, जागा आहे का म्हणून.

आता दराचं बघू. तुमचेच आकडे घेते. ८०० लाद्या, लादीमागे तीन रुपये, म्हणजे रोजचे २,४०० गेले. ९० दिवसांचे होतात २ लाख १६ हजार. आणि हा हिशेब मैदा, सरपण, डिझेल तेवढंच राहील असं धरून. दर उतरवल्यावर मागणी वाढली तर लाद्या वाढतील आणि तोटाही वाढेल, हा विचार पत्रात कुठे दिसला नाही.

सुन त्झूचं दुसरं प्रकरण बहुतेक शिबिरं वगळतात, कारण त्यात थरार नाही. एक लाख सैनिक, हजार रथ, हजार ली (अंतराचं चिनी माप) दूर पोचवायचं धान्य, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांचा खर्च, डिंक आणि रोगणसुद्धा, असं सगळं मोजून तो म्हणतो, रोजचे एक हजार सोन्याचे तुकडे पडतात. लढाई लांबली की हत्यारं बोथट होतात, माणसांची उमेद जाते, खजिना रिकामा होतो, आणि मग ज्यांच्याशी तुमचं भांडणच नव्हतं ते शेजारचे राजे तुमच्या थकव्याचा फायदा घेतात. लांबलेल्या युद्धानं कुठल्या राज्याचं भलं झालंय असं कधी घडलेलं नाही, हे त्याचं सरळ विधान आहे. वूचंच बघा. इ.स.पू. ५०६मध्ये त्यांनी छूची राजधानी यिंग घेतली, तिथेच रेंगाळले. पुढच्याच वर्षी छूच्या मदतीला छिन राज्याचं सैन्य आलं, मागे मोकळ्या पडलेल्या वूवर शेजारच्या युए राज्यानं हल्ला केला, आणि राजाचा सख्खा भाऊ घरी जाऊन स्वतःला राजा म्हणवू लागला. जिंकलेली राजधानी सोडून परतावं लागलं. इ.स.पू. ४७३मध्ये युएनं वू राज्य कायमचं बुडवलं. तुमच्या तालुक्यात तो युए कोण आहे, याचा विचार करा. कऱ्हाड-साताऱ्याकडून पिशवीबंद पाव घेऊन येणारी मोठ्या कंपन्यांची गाडी तुमच्या दुकानांसमोर थांबते की नाही? तुम्ही दोघं तीन महिने एकमेकांचं रक्त काढलंत, तर चौथ्या महिन्यात दुकानदाराच्या फळीवर कुणाचा माल असेल?

तिसऱ्या प्रकरणात तो पसंतीचा क्रम लावतो. सर्वांत उत्तम म्हणजे शत्रूचा बेतच मोडणं, मग त्याची युती मोडणं, मग त्याच्या सैन्याशी लढणं, आणि सर्वांत वाईट म्हणजे तटबंदीच्या शहराला वेढा घालणं. वेढ्याची अवजारं करायला तीन महिने, मातीचे चढाव उभारायला आणखी तीन. तेवढ्यात सेनापतीचा धीर सुटतो, तो माणसांना मुंग्यांसारखं तटावर चढवतो, एक तृतीयांश माणसं मरतात आणि शहर जागच्या जागी. तुमचा तीन महिन्यांचा बेत वाचताना मला हाच उतारा आठवला.

शिवाय तुम्हीच लिहिलंय, त्यानं कर्ज काढलंय, दागिने गहाण टाकलेत. तुम्हाला वाटतं ही त्याची दुबळी बाजू. हान शिन या सेनापतीनं इ.स.पू. २०४च्या सुमारास चिंगशिंगच्या लढाईत आपलं सैन्य मुद्दाम नदीकडे पाठ करून उभं केलं. समोरचे हसले, असं कुणी करतं का म्हणून. पण मागे सरकायला जागाच नसल्यामुळे ती माणसं हटली नाहीत, आणि हान शिन जिंकला. नंतर त्याच्या अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, हे युद्धशास्त्रातच आहे, तुमचं लक्ष गेलं नव्हतं. माणसांना मरणाच्या जागी उभं करा, मग ती जगण्यासाठी लढतात. तुमचा जुना कारागीर आज नदीकडे पाठ करून उभा आहे. तो दर उतरवेल, स्वतः रात्रभर मळेल, बायको-पोरं पाव भरायला बसतील, पण भट्टी विझू देणार नाही. तुम्हाला मात्र वडिलांचं घर आहे, शेत आहे, मागे हटायला वाट आहे. अशा वेळी आधी कोण हटतं? म्हणून सुन त्झू सातव्या प्रकरणात बजावतो, वेढलेल्या सैन्याला एक वाट मोकळी ठेवा, जिवावर उदार झालेल्याला फार रेटू नका.

आणि ती बंद झालेली दुपारची गाडी. पत्रातल्या या एका ओळीनं मी सगळ्यांत जास्त अस्वस्थ झाले.

सुन त्झूच्या घराण्यातला म्हणून सांगतात तो सुन बिन, शतकाहून अधिक काळानंतरचा. पांग च्युआन हा त्याचा एके काळचा सहाध्यायी. मत्सरापोटी त्यानं सुन बिनवर आळ घेतला आणि शिक्षा म्हणून त्याच्या गुडघ्याच्या वाट्या काढायला लावल्या. एका गुरूकडे शिकलेले दोघं, म्हणून तुमच्या गोष्टीशी याचं नातं लागतं. इ.स.पू. ३४१च्या सुमारास दोघं समोरासमोर आले. सुन बिननं काय केलं? शत्रूच्या मुलखात शिरल्यावर पहिल्या मुक्कामी एक लाख चुली मांडायला लावल्या, दुसऱ्या दिवशी ५० हजार, तिसऱ्या दिवशी ३० हजार. मागावर असलेल्या पांग च्युआननं प्रत्येक तळावर विझलेल्या चुली मोजल्या आणि तो खूश झाला. तीन दिवसांत निम्म्याहून अधिक पळाले, असं म्हणून त्यानं पायदळ मागे सोडलं, निवडक हलकी तुकडी घेतली आणि दोन दिवसांची वाट एका दिवसात तुडवत निघाला. मालिंगच्या अरुंद वाटेवर रात्र पडली. सुन बिननं एका झाडाची साल सोलून त्यावर लिहून ठेवलं होतं, पांग च्युआन या झाडाखाली मरेल. काय लिहिलंय ते वाचायला पांग च्युआननं उजेड धरला, आणि त्या उजेडाच्या खुणेवर दोन्ही बाजूंनी बाण सुटले.

दुपारची गाडी का बंद झाली, हे तुम्हाला माहीत आहे का? पैसे संपले म्हणून? की दुपारच्या फेरीत परत माल जास्त येतो हे कळल्यावर त्यानं ती शहाणपणानं थांबवली? की टेम्पो सकाळी मोठ्या लाइनला लावला? तुम्ही दुरून चुली मोजताय आणि मनाला हवा तो अर्थ काढताय. पांग च्युआनही तेच करत होता.

यावर तुम्ही म्हणाल, म्हणून तर पोरगं आत घालतोय. नको. हेरांवर तेरावं प्रकरण आहे हे खरं, त्यात पाच जातींचे हेरही सांगितलेत. पण ते राज्याराज्यांच्या युद्धाचं शास्त्र आहे. तालुक्याच्या गावात एका पोराला खोटं बोलायला शिकवून दुसऱ्याच्या भट्टीवर पाठवणं ही लबाडी आहे, आणि ती आठ दिवसांत उघडी पडेल. पोराचं नाव खराब होईल, तुमचंही. त्या प्रकरणातलं घेण्यासारखं वाक्य वेगळं आहे. आधी कळणं हे देवाला कौल लावून होत नाही, मागच्या अनुभवावरून ताडून होत नाही, ते माहीतगार माणसांकडूनच मिळतं. आणि रोजचे हजार तुकडे युद्धावर उधळणारा सेनापती बातमीसाठी शंभर खर्चायला कचरत असेल, तर तो सेनापतीच नव्हे. तुम्ही रोजचे २,४०० घालवायला तयार आहात, पण जी तीस दुकानं गेली त्यातल्या किती दुकानांत तुम्ही स्वतः गेलात? टेम्पोवरचा माणूस सांगतो ते सोडा. तुम्ही, पायी, वही घेऊन?

हे उद्यापासून करा. आठवडाभर रोज सकाळी दोन तास. ज्या वडापाववाल्यानं तुम्हाला सोडलं, त्याच्या गाडीवर उभं राहून एक वडापाव खा. त्याचा पाव बोटानं दाबून बघा, वर येतो का, किती वेळात येतो. त्याला भांडायच्या सुरात नाही, खरंच कळून घ्यायला विचारा, का सोडलं? माझा अंदाज आहे, दोन रुपये हे कारण निम्म्या लोकांचंही नसेल. कुणी म्हणेल, तुमची गाडी सातला येते, माझा पहिला घाणा साडेसहाला निघतो. कुणी म्हणेल, परत माल घ्यायला तुमचा माणूस कटकट करतो. कुणी म्हणेल, हात तोच आहे, पाव तोच आहे, मग स्वस्त का घेऊ नये. ही तिन्ही उत्तरं वेगवेगळी आहेत आणि तिन्हींवरचा इलाजही वेगळा. दर पाडणं हा यातल्या एकावरही इलाज नाही.

शिबिरात तुम्हाला नक्की ऐकवलं असेल, शत्रूला ओळखा आणि स्वतःला ओळखा, म्हणजे शंभर लढायांत शंभर विजय. मूळ वाक्य तसं नाही. शंभर लढायांत धोका नाही, एवढंच तो म्हणतो. विजयाचं वचन तो देत नाही, कारण चौथ्या प्रकरणात त्यानं आधीच सांगून ठेवलंय, आपण हरू नये हे आपल्या हातात असतं, समोरच्यानं हरावं हे त्याच्या हातात. तुमच्या तिन्ही बेतांत त्याला हरवायची तजवीज आहे. तुम्ही हरू नये याची एकही नाही.

मला हे कसं कळतं ते सांगते. छापखान्याच्या दिवसांत आमच्या गावात एका पतसंस्थेचं कॅलेंडराचं काम निघालं. आमच्याकडून फुटून गेलेल्या एका माणसानं त्यावर दर भरला होता. मी चिडून कागदाच्या भावाखाली दर भरला आणि काम ओढलं. दिवाळीच्या तोंडावर यंत्र रात्रंदिवस चाललं. छापलेले कागद सुकायला टांगलेले, शाईचा वास, चहाचे ग्लास, आणि प्रत्येक कागदागणिक माझं नुकसान वाढत होतं. तरी मी खूश होते, कारण ते काम त्याला मिळालं नव्हतं. कागदवाल्याची उधारी फेडायला मला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत चांगल्या कागदाची दोन मोठी कामं हातची गेली, कारण उधारीवर माल मिळेना. नंतर कधीतरी बाराव्या प्रकरणातल्या या ओळी वाचल्या. राजानं रागाच्या भरात सैन्य उभं करू नये, सेनापतीनं चिडून लढाई देऊ नये. राग निवळतो, माणूस पुन्हा आनंदी होतो, पण बुडालेलं राज्य पुन्हा उभं राहत नाही आणि मेलेलं माणूस उठून बसत नाही. चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवल्या होत्या मी त्या ओळी.

आठव्या प्रकरणात सेनापतीचे पाच घातक दोष दिलेत. त्यातले दोन तुमच्या पत्रात मला दिसले. शीघ्रकोपी माणसाला चिडवून फसवता येतं, आणि अब्रूला फार जपणाऱ्याला टोमणे मारून फसवता येतं. "चेला पुढं गेला" म्हणणाऱ्यांच्या खिशातून तुमच्या तोट्यातला एक रुपयाही जाणार नाही.

मग लढायचं कुठे? लढायचं आहेच, मी तुम्हाला हात बांधून बसा म्हणत नाही. सुन बिनचीच आणखी एक गोष्ट आहे. थ्येन ची हा सेनापती राजघराण्यातल्यांशी घोड्यांच्या शर्यती लावायचा. प्रत्येकाचे तीन घोडे, उत्तम, मध्यम आणि कमी प्रतीचा. सुन बिननं पाहिलं की दोन्हीकडचे घोडे पळायला फारसे उणेअधिक नाहीत. त्यानं सांगितलं, तुमचा सगळ्यांत कमी घोडा त्यांच्या उत्तम घोड्यासमोर सोडा, उत्तम त्यांच्या मध्यमासमोर, मध्यम त्यांच्या कमी प्रतीच्या घोड्यासमोर. एक शर्यत हरले, दोन जिंकले, पैजेचे हजार तुकडे घरी आले. यात अवघड भाग कोणता, तर पहिली शर्यत सगळ्यांदेखत हरणं सोसणं.

त्याचा उत्तम घोडा आहे लादी. ती त्याच्या हाताची आहे, दर त्याचा कमी आहे, बसस्टँड त्याच्या दारात आहे. तिथली वडापावची गाडी काही दिवस त्याची म्हणून सोडा. तुमच्याकडे काय आहे? वडिलांच्या वेळची लाकडाची भट्टी, जिच्यातला टोस्ट आणि खारी मंद आचेवर खुसखुशीत होते. नवी बेकरी, कर्जातलं भांडवल, तो खारीत आणि टोस्टमध्ये पैसा अडकवून ठेवू शकणार नाही, कारण त्याला आजचा पैसा आजच हवा. मे महिन्यात आणि दिवाळीला घराघरातल्या बायका पीठ, तूप, साखर घेऊन नानकटाई भाजून घ्यायला बेकरीवर येतात, त्या तुमच्याकडेच येतात ना अजून? त्यांना बसायला सावली आहे का, त्यांचे ट्रे अदलाबदल होऊ नयेत म्हणून नावाच्या चिठ्ठ्या आहेत का? हमरस्त्यावरच्या मिसळीच्या हॉटेलांना पहाटे ठरल्या मिनिटाला माल लागतो, आणि दोन टेम्पो तुमच्याकडे आहेत. सुन त्झू म्हणतो, पाणी उंचवटा टाळतं आणि सखल जागेकडे वाहतं, सैन्यानंही भरलेली जागा टाळून रिकामी जागा गाठावी. टोस्ट, खारी, नानकटाई, हॉटेलांची पहाट, या रिकाम्या जागा. लादी तुमच्या आजच्या दरानं, चांगली भाजून, ठरल्या वेळी द्या. ज्यांना राहायचं ते राहतील.

हे सगळं करताना एक फरक विसरू नका. त्या पुस्तकात दोन सैन्यं असतात आणि मध्ये रणभूमी. तुमच्या गावात मध्ये गिऱ्हाईक आहे, आणि ते कुणाच्याच मालकीची जमीन नाही. त्याला चांगला पाव हवाय, तुमच्या भांडणात त्याला रस नाही. आणि ज्याला तुम्ही शत्रू म्हणता, तो परवा एखाद्या लग्नात तुमच्या पंगतीला बसणार आहे.

उरला तो अडवलेला हिशेब. पत्रात तुम्ही तो शेवटी, सहज लिहून टाकलाय, पण मला वाटतं सगळी गोष्ट तिथेच अडकलीय. पहिल्या प्रकरणात सुन त्झू सांगतो, लढाईआधी दोन्ही बाजू सात प्रश्नांवर तोलून बघा. कोणाचा सेनापती अधिक लायक, कोणाची माणसं अधिक तयार, असे ते प्रश्न आहेत, आणि त्यांतला शेवटचा, कोणाकडे बक्षीस आणि शिक्षा अधिक चोख. सेनापतीचे पाच गुण सांगताना शहाणपणाच्या लगेच पाठोपाठ तो विश्वासार्हता घेतो, शौर्य त्याच्याही मागून येतं. तुमच्याकडचे तिघं रोज भट्टीसमोर उभं राहून हेच तोलत असतात की ११ वर्षं राबलेल्याचा महिन्याचा पगार या मालकानं बुडवला, उद्या माझा बुडवेल. तुमचा कारागीर त्या गेलेल्याशी बोलताना दिसला, तो कदाचित हेच विचारत असेल, मिळाले का रे तुझे पैसे?

ते पैसे त्याच्या कष्टाचे आहेत, तुमचे नाहीत, त्यामुळे ते द्यायला सुन त्झूची परवानगी लागत नाही. येत्या बटवड्याच्या दिवशी आधी तिघा कारागिरांना एकेकट्याला बसवून पगाराचं बोला. किती वाढवता येईल, केव्हापासून, ते आकडा सांगून बोला. मग त्याच्या हिशेबाचं पाकीट तयार करा, कामाचे दिवस, उचल, बाकी, सगळं कागदावर लिहून. टेम्पोवाल्याच्या हाती पाठवू नका. दुपारी तीनच्या सुमाराला, भट्टी निवलेली असते तेव्हा, स्वतः बसस्टँडच्या पलीकडे चालत जा, पाकीट त्याच्या हातात द्या, त्याला मोजू द्या, आणि चहा विचारला तर थांबा.

तुमची ताई